व्हिजिट बंद होणार नाही

४ मार्च

व्हिजिट बंद म्हणे! मुलाने आज दवाखान्यात परस्पर जाहीर करून टाकलं. एक तारखेपासून कुणाच्या घरी जाऊन तपासायचं नाही. का, तर वेळ फुकट जातो. "आई, फोनवर बघ ना त्यांना." उंटावरून शेळ्या हाकायला मी डॉक्टर झाले नाही.

बाळंतपणं गेली तेव्हा गप्प बसले. जवळच प्रसूतिगृह झालं, बायकांची सोय झाली, बरंच झालं. मग प्लास्टर हाडांच्या डॉक्टरकडे गेलं. लहान मुलं बालरोगवाल्याकडे. टाके घालायचा ट्रे मुलाने मला न विचारता माळ्यावर टाकला. राहिलं काय? बीपी, शुगर आणि पुढे कुणाकडे जायचं त्याच्या चिठ्ठ्या. त्याला रबरी शिक्का पुरे, मी कशाला?

व्हिजिट सोडणार नाही. मला हाताला धरून बाहेर काढ म्हणावं.

५ मार्च

सूनबाई मध्यस्थीला आली. "आई, गुडघ्यांचा तरी विचार करा." गुडघे माझे, जिने मी चढते, हिला का दुखतंय?

ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला लेकाशी. सगळी नोकरी वर्गात बोलण्यात गेली, घरात मात्र मौन! हे दाभण घेऊन पट्ट्याला नवीन भोक पाडत बसलेले. "तू ऐकणार आहेस का कुणाचं?" एवढंच. म्हटलं, पोट उतरवलंत की, म्हातारपणी तरुण व्हायचा बेत दिसतोय. हसले.

११ मार्च

शिंपीकाकांकडे जाऊन आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. फुप्फुसाचा आजार हाताबाहेर गेलाय, मोठ्या हॉस्पिटलने घरी पाठवलंय. नेहमीसारखे आधी हात धुतले, खुर्ची ओढून बसले. मग सगळे नातेवाईक एकदम बोलायला लागले. पुन्हा ॲडमिट करू, दुसरीकडे दाखवू. सगळ्यांना गप्प केलं. माझा नियम आहे, आधी आजाऱ्याला विचारायचं.

काका, तुम्हाला काय हवंय?

"मशीन चालू करायला सांगा हिला. माझ्यासाठी बंद ठेवलंय. घर कसं मेल्यासारखं वाटतं."

लेकीने शेजारच्या खोलीत शिलाईचं मशीन चालवलं. काकांनी डोळे मिटले. दुखण्याचं औषध वाढवलं, ओठ ओल्या कापसाने कसे पुसायचे ते लेकीला दाखवलं.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे सगळा भर माणूस वाचवण्यावर. निरोप कसा द्यायचा ते मी पन्नाशीनंतर असल्याच खोल्यांतून शिकले. कामं गेली तशी आलीही. मुलाला फक्त गेलेली दिसतात.

१२ मार्च

मुलाला मशीनचं सांगितलं. "ह्यात डॉक्टरी कुठे आली?" म्हणाला.

अबोला. माझ्याकडून.

१९ मार्च

शिंपीकाका गेले. त्यांची लेक दवाखान्यात सांगायला आली. मशीन चालूच होतं म्हणाली, कधी गेले ते कळलंही नाही. माझे हात धरून रडली. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने तिला पाणी आणून दिलं.

मी एक तारखेची वाट बघतेय. बघूच कोण अडवतं.

२४ मार्च

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, व्हिजिटचा फोन होता. वजन उतरलंय, जेवण जात नाही, मोठ्या डॉक्टरीणबाईच हव्यात. मुलगा समोरच होता. मी तोऱ्यात बॅग उचलली. पत्ता काय गं? ती खाली बघायला लागली.

पत्ता आमचाच.

मुलाने माझ्या हातातून बॅग घेतली आणि गाडी काढली. हे पलंगावर पडून होते. इतके दिवस ताकास तूर लागू दिली नाही. "बायकोला सांगवेना," म्हणाले. "म्हणून डॉक्टरला बोलावलं."

हात धुतले. खुर्ची ओढली. पोटावर हात ठेवला, गाठ लगेच लागली. मुलगा मागून म्हणाला, "बाबा, आपण आत्ताच ॲडमिट—" त्याला म्हटलं, थांब. आधी आजाऱ्याला विचारायचं.

आणि विचारलं.