जयश्रीच्या वाट्याचा गोळा

शॉमबर्ग (शिकागोजवळ), २१ सप्टेंबर, रविवार

आज पहाटे शेजारच्या कंबोडियन मावशींबरोबर त्यांच्या विहारात गेलो. मृतांसाठी भाताचे गोळे ठेवण्याचा त्यांचा वार्षिक सण आहे. आपल्यासारखेच बौद्ध, म्हणून निःशंक गेलो. मावशींनी तीळ घातलेला एक गोळा माझ्या हातात दिला. "हा तुमच्या बायकोचा. बाहेर ठेवून या."

जयश्रीला जाऊन अजून वर्ष झालेले नाही. श्राद्ध, पिंडदान करणार नाही, ही प्रतिज्ञा आम्ही दोघांनी धम्मदीक्षेच्या वेळी सोबत घेतली होती. तसे सांगितले.

"नियम तुमचा आहे. भूक तिची," मावशी म्हणाल्या.

परतताना गाडीत माझी मुलगी मिताली चिडली. "बाबा, इट्स जस्ट राइस. ठेवायचा ना."

नुसता भात असता, तर रुमालात बांधून घरी का आणला असता?

दिवसभर तो गोळा ओट्यावर होता. कचऱ्यात टाकवेना, अंगणात ठेववेना. जयश्री असल्या गोष्टींना हसत असे, हे मला पक्के ठाऊक आहे.

संध्याकाळी तो मीच खाल्ला. कडक झाला होता. प्रतिज्ञा मोडलेली नाही. तरीही तिच्या पानातला घास उचलल्यासारखे वाटते आहे.