नुसता श्वास

सांगली

प्रिय साळूआत्या,

पाच वर्षांनी तुला लिहितेय. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर जीभ उचलली नसती. चष्मा सापडला नाही तर जयराजकडून वाचून घे. तुझ्या लेकालाही कळू दे.

मी सध्या इथे एका संशोधनाच्या कामात आहे. आजारी माणसांना एका नळीत श्वास सोडायला सांगायचं आणि त्यातून किती सूक्ष्म कण बाहेर पडतात ते यंत्रावर मोजायचं. खोकायचं नाही, बोलायचं नाही, नुसता श्वास. छातीत संसर्ग असला की एवढ्यानेही कण वाढू शकतात, आणि ते इतके बारीक की हवेत बराच वेळ तरंगत राहतात. माणसामाणसांत फरकही फार. विट्याचे बिराप्पामामा आले होते, खोकून बेजार, पण कण अगदी थोडे. "मशीन बिघडलं काय गं पोरी?" म्हणाले. बिघडलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मला ताप आला. खोकला नव्हता, नाक तेवढं चोंदलेलं. आमच्या संशोधनाच्या मॅडमनी मलाच नळीपुढे बसवलं. आकडा चढतच गेला. त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा. मॅडम हसल्या. मला आई आठवली.

करोनाच्या त्या उन्हाळ्यात तू कुरडया घालायला आमच्याकडे आली होतीस. तुझा तो चुलीच्या धुराचा जुना खोकला सोबत होताच. चार दिवसांनी आई तापली, मिरजेला नेली, ती परत आलीच नाही. तू भेटायला आलीस तेव्हा आप्पा चारचौघांत म्हणाले, "तुझ्या खोकल्यानं माझं घर बुडालं." तुझी तपासणी निगेटिव्ह आली होती, पण तू तेही बोलली नाहीस. पदर सावरून फलटणच्या गाडीला गेलीस. मी दारामागे उभी होते.

का उभी होते, ते आज सांगते. तू यायच्या आदल्या दिवशीच मी साताऱ्याच्या हॉस्टेलवरून घरी आले होते. चहाला चव लागत नव्हती, लसणाच्या फोडणीचा वास येत नव्हता. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. पण सांगितलं तर सगळ्यांपासून वेगळं राहावं लागेल, म्हणून गप्प बसले. खोकला कुठे आहे, असं मनाला समजावलं आणि दुपारभर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. ती केसांना तेल लावत होती. माझ्यामुळेच ती गेली का, हे कुठलंही यंत्र सांगणार नाही. पण तुझ्यावर बोल लागला तेव्हा मी तोंड उघडलं नाही, ते मात्र माझंच. काल गावी जाऊन आप्पांना सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ म्हशीपुढे वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, "साळीपुढं उभं ऱ्हायला मला तोंड न्हाई. पर जायाला पायजे." रविवारी सकाळी आम्ही दोघं फलटणला येतोय. त्यांना जे बोलायचं ते बोल, आत्या. पण त्यांच्याआधी मला बोल.

अजून म्हणवून घेता येत असेल तर, तुझीच
पल्लवी