कृपया लाइनवर राहा

३ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा नकार! यांच्या घशातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन करा, स्वरयंत्र काढून टाका — विमा कंपनी सगळा खर्च देईल. नवं औषध आणि रेडिएशन, ज्यानं आवाज वाचेल — ते म्हणे 'प्रायोगिक'. ते पॉलिसीत बसत नाही.

डॉक्टर म्हणाले, महिनाभरात काय ते ठरवा. यांनी मान हलवली. तीस वर्षं जाहिराती, माहितीपट — आवाजावर घर चाललं या माणसाचं, आणि नुसती मान हलवतोय! मी म्हटलं, कंपनीकडे मी बघते.

५ फेब्रुवारी

फोन लावला. आधी संगीत, मग —

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया लाइनवर राहा."

यांचा आवाज! चौदा वर्षांपूर्वीचा, ठणठणीत. मी साफ विसरले होते. स्टुडिओतून येऊन म्हणाले होते, "कुठल्याशा विमा कंपनीसाठी चार वाक्यं बोलून आलो, एका दमात." त्याच पैशांत बैठकीतला पंखा आला.

बावीस मिनिटं ऐकत बसले. घरात जन्मात कधी 'कृपया' म्हणाले नाहीत, तिथे दर मिनिटाला! हसू आलं, मग रडू. शेजारच्या खोलीत हे खोकत होते. तोच गळा.

यांना सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

अपील दाखल केलं. डॉक्टरांचं पत्र, तीन रिपोर्ट, स्टुडिओवाल्याचा दाखला. फोनवरची मुलगी आता मला आवाजावरून ओळखते. "मॅडम, निर्णय झाला की पेशंटनाच कळवावं लागतं." म्हटलं, अगं, त्यांना बोलवत नाही! तरी यांचा नंबर घेतलाच तिनं.

१४ फेब्रुवारी

रोज फोन करते. खरं सांगायचं तर — विचारायला नाही. लाइन लागली की डोळे मिटून बसते. "या कॉलचं रेकॉर्डिंग होऊ शकतं" — 'रेकॉर्डिंग'च्या आधी एक बारीकसा श्वास घेतात, तो मला पाठ आहे. लग्नाआधी अशीच फोन धरून बसायचे. आज मुलीनं पटकन फोन उचलला तर मलाच तिचा राग आला!

माणूस समोर चहा पितोय, पाटीवर 'साखर कमी' लिहून दाखवतोय, आणि मी त्याचा आवाज दुसरीकडे शोधतेय. भीती वाटते. मेलेल्या माणसाच्या मागे असं करतात.

१५ फेब्रुवारी

फोनचा स्पीकर चालू राहिला होता. यांनी ऐकलं? पेपरातून डोकं वर काढलं नाही.

१९ फेब्रुवारी

नणंद आली होती. "वहिनी, आवाजापायी जीव घालवाल त्याचा! ऑपरेशननं गाठ पुरती निघते. त्या दुसऱ्या औषधाचा काय भरवसा?" मी ताडकन म्हटलं, "ताई, तुम्ही यात पडू नका." रडतच गेली बिचारी. दार उघडं होतं. यांच्या कानावर गेलंच असणार.

२६ फेब्रुवारी

अपिलाचं विचारलं. मुलगी चाचरली. "मॅडम... मला काही सांगता येत नाही."

संध्याकाळी यांनी पाटी पुढे केली. 'ऑपरेशन ३ तारखेला. डॉक्टरांशी ठरलं.' मी पुसून टाकलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा लिहून खाली ठळक रेघ ओढली, तेव्हा राहू दिलं.

३ मार्च

सहा तास लागले. गाठ पूर्ण निघाली. शुद्धीवर आले, ओठ हलले. माझंच नाव होतं. आवाज नाही.

कंपनीला सोडणार नाही मी!

५ मार्च

भांडायलाच फोन केला. पुन्हा ते "कृपया लाइनवर राहा." मग मुलगी. तोंडाला येईल ते बोलले तिला. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मॅडम, आम्ही त्या औषधाला वीस फेब्रुवारीलाच मंजुरी दिली होती. पेशंटनीच नको म्हटलं. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

मी म्हटलं, खोटं! तिनं रेकॉर्डिंग लावलं.

एक बारीकसा श्वास. मग बसका, फाटका आवाज — "ऑपरेशनच करतो. मला जगायचंय. हिला आत्ता सांगू नका... फोन करू दे. बोलायला नाही करत ती. मला ऐकायला करते."