गोलावरचा दोरा

१९ ऑक्टोबर

चि. बाईसाहेब,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, नातीच्या दोन्ही तळपायांचा मुका.

काल पृथ्वीचा गोल घरी आणला. खरी किंमत सांगतो: वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराची पँट कमरेत सैल करून दिली आणि घरी तुझ्या आईचं "आता पृथ्वीलाही सदरा शिवणार का?" हे दिवसभर ऐकून घेतलं.

मागच्या पत्रात मी ठणकावून लिहिलं होतं की आपले दोन विमानतळ एकमेकांपासून बारा हजार किलोमीटरवर आहेत, भिंतीवरच्या नकाशाला स्वतः टेप लावून मोजलंय, आणि एवढा वेळ बसणं माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही. शिवाय ऐटीत हेही, की माझं माप बोटभरही चुकत नाही. नातीचं झबलंसुद्धा नुसत्या फोटोवरून बेतून पाठवलंय, घालून बघ, हेही त्याच पत्रात.

परवा मी मशीनवर होतो. आतल्या खोलीत आई शेजारणीला हळूच सांगत होती, "गुडघे कसले हो? विमानाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो ह्यांच्या." मशीन चालू असलं तरी माझे कान बंद नसतात, हे ती अजून विसरते. रागावणार होतो. पण त्यात खोटं काय होतं?

तरी निदान बारा हजार तरी पटवून द्यावेत म्हणून गोल आणला. आईने दोऱ्याचं एक टोक आमच्या गावावर दाबलं, दुसरं तुमच्या. मी म्हटलं, "नकाशातल्या रेघेसारखा धर." धरला. "ढिला आहे हो," म्हणाली आणि ताणला. दोरा आपला आपण वर सरकला, पार बर्फाळ मुलखाकडे.

गोलाचा घेर पोटावरून शंभर सेंटिमीटर. पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे सेंटिमीटरला चारशे. दोरा भरला तेवीसच्या जरासा वर. नऊ हजार तीनशे.

जन्मभर कारागिरांवर ओरडत आलो, खांद्याचं माप टेबलावर घेऊ नका, अंगावर घ्या, खांदा गोल असतो. आणि मी पृथ्वीचं माप भिंतीवर घेतलं.

"पावणेतीन हजार वाचवले तुमचे," आई म्हणाली. "आता पोटातल्या गोळ्याचं तेवढं तुम्ही बघा." इतकं हसलो दोघं, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

तर येतो. भीती आहे, पण बरीच आखूड झाली आहे. तिकिटं काढली. खिडकी आईला, मी शेजारी, डोळे मिटून. पुढच्या महिन्यात बारा तारखेला उतरतो.

टेप सोबत आणतो आहे. तू काही लिहिलं नाहीस, आईही बोलली नाही, पण जावईबापू फोनवर तिला सांगत होते ते मला ऐकू आलं. झबलं नातीच्या डोक्यातून खाली उतरत नाही.

तिचं माप अंगावर घ्यायला निघालेला,
तुझा बाबा