आईसाठी गाळलेलं सूप

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा आला होता! माझ्या काउंटरवर. मध्ये फक्त काच, आणि त्याने मला ओळखलं नाही.

टोपी, मास्क, हातमोजे, एप्रन. या सुपरमार्केटच्या तयार जेवणाच्या विभागात आम्ही सगळ्या एकसारख्याच दिसतो. तसंही गिऱ्हाईक आमच्याकडे बघत नाही, ट्रेकडे बघतं. अर्धी भाजलेली कोंबडी, दोन जणांचा भात, घेवड्याचं सॅलड. मी नुसती मान डोलावली, तोंडातून शब्द काढला नाही. वजन, झाकण, लेबल. सहा वर्षांनी सख्खा भाऊ समोर, आणि मी त्याला कोंबडी बांधून देतेय.

दोघांचं जेवण. म्हणजे तो आणि आई. त्याने लग्न केलेलं नाही असं दिसतंय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सहा वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात होते तेव्हा दादाचे तीन फोन आले होते. मी तिन्ही वेळा सांगितलं, सुट्टी मिळत नाही, रविवारी येते. बाबा शुक्रवारी गेले.

मी पोचले तेव्हा दारातच दादा म्हणाला, "बाबांच्या वेळी आली नाहीस. आता आईच्या वेळीही येऊ नकोस." आई त्याच्या मागे उभी होती. काहीच बोलली नाही. दादाचं बोलणं मी कधीच माफ करणार नाही. पण आईचं गप्प राहणं त्याहून जास्त टोचतं.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या घराजवळ, याच भागात नोकरी घेतली. लोकांना सांगते, पोटासाठी. माझं मला ठाऊक आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आता रोज येतो. पण आज कोंबडी एकाच माणसाची. दुसऱ्यासाठी मऊ भात आणि कुस्करलेला बटाटा. "तिखट नको." मऊ कुणासाठी, हे सांगायला ज्योतिषी नको.

आईला काय झालंय?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

भोपळ्याचं सूप मागितलं आणि म्हणाला, गाळून मिळेल का, गिळायला त्रास होतो. आमचे आचारी मागेच उभे होते. त्यांनी विचारलं, घरी आजारी आहे का कुणी? दादाने होकारार्थी मान हलवली.

आचारी म्हणजे पाककृतीच्या कार्डावर लिहिलंय त्यापेक्षा चिमूटभर मीठ जास्त पडलं तर आकाशपाताळ एक करणारा माणूस. पण आज मला म्हणाले, छोटा मिक्सर घे, दे करून.

दादा खंगलाय. गळ्याला मफलर, आवाज बसलेला, डोळे खोल. एकट्याने आईचं करतोय, जागरणं होत असणार. होऊ देत! मला बरं वाटलं. कुठे तरी खरं बोललं पाहिजे म्हणून इथे लिहून ठेवते.

बुधवार, ५ मार्च

आजचं सूप सगळं माझ्या हातचं. भोपळा, दोन गाजरं, जरासं लोणी, बारीक चाळणीतून दोनदा गाळलं. लहानपणी मला ताप आला की आई असंच करायची. चाळणीत राहिलेला चोथा उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकायची.

आचाऱ्यांनी चमचाभर चाखलं. "हे कार्डावर नाही," म्हणाले. थोड्या वेळाने भांडी आवरता आवरता म्हणाले, उद्याही असंच कर.

शनिवार, ८ मार्च

दादा घरचा स्टीलचा डबा घेऊन आला. "कालचं सगळं संपलं," म्हणाला. आईला जातंय! माझ्या हातचं तिला जातंय!

मंगळवार, १८ मार्च

"आजपासून अर्धाच डबा द्या." एवढंच बोलला, तेही मी काचेला कान लावला म्हणून ऐकू आलं. डब्यावर झाकण लावलं आणि ठरवलं.

उद्या बोलणार. नाव सांगणार, मास्क काढणार, आईला एकदा भेटू दे म्हणणार. वाघ म्हटलं तरी खाणार, वाघोबा म्हटलं तरी खाणार. मग घाबरायचं कशाला?

बुधवार, १९ मार्च

नाही बोलले. त्याने डबा पुढे केला, मी भरला, तो गेला. माझ्यासारखी भेकड मीच.

सोमवार, २४ मार्च

चार दिवस दादा नाही. रोज सूप करते. तयार जेवण संध्याकाळनंतर ठेवायचं नाही असा नियम आहे, म्हणून रोज ओतून देते. आज ओतताना आचाऱ्यांनी माझ्या हातातून भांडं काढून घेतलं आणि स्वतःच घासायला बसले.

कामावरून परस्पर घराकडे गेले. खिडक्या बंद. गॅलरीत दोरीवर चादरीच चादरी. गर्दी नाही, दाराशी चपला नाहीत. म्हणजे आई अजून आहे. बेलवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. तो "येऊ नकोस" म्हणाला होता ते याच पायरीवर.

बुधवार, २६ मार्च

पुन्हा तेच करतेय मी. तेव्हा रविवार होता, आता रोजचं उद्या आहे. आचाऱ्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, मग इथे काय करतेस? सुट्टी शुक्रवारची मिळाली. दादाने दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहीन. हाकलायचं तर हाकलू दे. आई एकदा डोळ्यांनी दिसली की पुरे.

गुरुवार, २७ मार्च

आज काचेपलीकडे आई उभी होती. आपल्या पायांनी चालत आलेली, खांद्याला पिशवी, चांगली धडधाकट.

माझ्याकडे नीट बघितलं आणि मला नावाने हाक मारली. मग स्टीलचा डबा पुढे सरकवून म्हणाली, "भर. त्याला घोटभर गेलं तर तेवढंच जातं. डॉक्टरांनी आता दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलंय. आणि तू पण चल."

मी विचारलं, "दादाने बोलावलंय?"

आई म्हणाली, "त्याला आता बोलता येत नाही गं."