पेटी हलत नव्हती

४ मार्च, बुधवार

फाशाची तार कोल्हिणीच्या पोटात दोन बोटं शिरली होती. मी गोणपाटाखाली तिचं डोकं दाबून धरलं होतं आणि मास्तर पकडीने तार तोडत होते. "दाब. आणखी दाब. दया नको दाखवूस." कोल्हीण ओरडत नव्हती. तिने माझ्या हातमोज्याचा अंगठा दातांत धरला होता आणि सोडत नव्हती. तार तुटली. माझ्या बाहीवर रक्त उडालं – गरम.

पेटीत घातली. वर काळं कापड. मास्तर म्हणाले, "तू हिला घेऊन गाडीपाशी जा. कुंपणाला आणखी फासे दिसतायत, तेवढे तोडून आलोच."

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून जनावरं सोडवतात. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. पहिला नियम त्यांचाच: कापड उचलायचं नाही. जखमी जनावराला जवळून माणसाचं तोंड दिसलं तर ते तेवढ्यानेही मरतं. दवाखाना येईपर्यंत आत काय व्हायचं ते होऊ दे, आपण बघायचं नाही.

गाडी "थांबू नये"च्या पाटीखाली होती. दुसरीकडे जागाच नव्हती. मी आणि मास्तर परत आलो तेव्हा पुढच्या चाकाला पिवळा जॅमर, आणि शेजारी कुलूप उभा. त्याचं खरं नाव आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. गेल्या महिनाभरात आमच्या पाच गाड्यांची चाकं अडकवून त्याने पावत्या फाडल्यात, म्हणून कुलूप.

मास्तर म्हणाले, "आत जनावर आहे. काढ."

"दंड भरा, लगेच काढतो."

"तोवर मरेल ते."

"मी काचेवर टकटक केलं होतं साहेब. चांगलं दोनतीनदा. पेटी हलत नव्हती. म्हटलं रिकामी असेल."

"रिकामी?" मास्तरांनी मागचं दार उघडलं आणि कापड ओढलं.

कोल्हीण मेली होती.

मास्तरांच्या हातात आकड्याची काठी होती. साप उचलायची. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा मानेवर. कुलूप पावतीपुस्तक तोंडापुढे धरून खाली बसला. तिसऱ्या वेळी आकडा पुस्तकावरून आत गेला. आवाज ओला होता.

मी मधे पडले नाही.

माझा थोरला भाऊ अँब्युलन्स चालवतो. कुलूपला न्यायला नेमका दादाच आला. माझी बाही बघून धावत माझ्याकडे आला. "तुला लागलंय?" म्हटलं, कोल्हिणीचं आहे. त्याने स्ट्रेचरवरच्या माणसाकडे बघितलं. "आणि हे कुणाचं?"

एक गोष्ट लिहायची राहिली. उद्या.

५ मार्च

कापड मी उचललं होतं.

६ मार्च, शुक्रवार

नीट लिहिते. मी एकटी गाडीत बसले होते. श्वास ऐकू येत नव्हता म्हणून उचललं. किंवा नुसतं बघायचं होतं म्हणून. दोन्ही लिहून ठेवते, खरं कुठलं ते मला ठरवता येत नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. एकदा अंग ताणलं. झालं. पोट फाटलं तेव्हा मेली नाही, तार तोडली तेव्हा मेली नाही.

कापड परत घातलं, चारही कोपरे खोचले. आता घाई कसली? दार लावून कुंपणाशी गेले. मास्तरांनी मान वर न करता विचारलं, "कशी आहे?" मी म्हणाले, "झाकून ठेवलीय." मग दुसरी पकड घेऊन त्यांच्याबरोबर फासे तोडत बसले. वीस मिनिटं. अकरा फासे.

त्या वीस मिनिटांत कुलूप आला. काचेवर टकटक केलं. पेटी हलत नव्हती. माणूस खरं सांगत होता.

आणि आकडा वर गेला तेव्हा मला तोंड होतं. पहिल्या फटक्यानंतर होतं. दुसऱ्यानंतरही होतं.

८ मार्च, रविवार

कोल्हिणीचा फोटो चौकाचौकात लागलाय. उघडे डोळे. खाली लिहिलंय – "हिला जॅमरने मारलं." बचावकार्याच्या गाड्यांना पार्किंगचा दंड माफ करावा, हा आमचा अर्ज वर्षभर नगरसमितीच्या कपाटात पडून होता. आता बुधवारी सभा आहे.

काल जॅमरवाल्यांची गाडी लोकांनी अडवली. काचा फोडल्या. आत बसलेल्याला खेचून बाहेर काढलं आणि त्याच्याच जॅमरने त्याच्या पायावर मारलं. तो तर कुलूपही नव्हता, दुसराच कुणी. कुलूपच्या दारावर कुणीतरी आतडी फेकली, खाटकाकडची. त्याला कामावरून सस्पेंड केलंय. मास्तर जामिनावर सुटले तेव्हा बाहेर टाळ्या वाजल्या. मास्तरांनी त्या ऐकल्या आणि खाली बघत चालत राहिले.

दादा जेवायला आला होता. मी विचारलं, तुला काय वाटतं, द्यावी आम्हाला सूट?

"मला आहेच की. म्हणून मी सायरन वाजवत कांदे आणायला जातो का?"

"तसं नाही विचारलं."

"द्यावी. माणसाच्या गाडीला देतात तर जनावराच्या गाडीलाही द्यावी. पण हे फलक बघवत नाहीत बाई. मढ्याच्या टाळूवरचं लोणी."

मी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच ठेवला.

गेल्या उन्हाळ्यात घुबड खरंच मेलं होतं. जॅमर काढायला चाळीस मिनिटं लावली, गाडी उन्हात. दुसरा माणूस होता तो. आम्ही त्याच्यापुढे हात जोडले. तो मोबाइल बघत बसला. तेव्हा मारायला हवं होतं कुणीतरी! तेव्हा कुणी फोटोसुद्धा काढला नाही. म्हणजे आमची मागणी खरी आहे. पुरावा तेवढा खोटा.

९ मार्च

हातमोजा धुतला. अंगठ्याला चार भोकं. शिवला नाही.

११ मार्च, बुधवार

सभा झाली. खुर्च्या कमी पडल्या. लोक भिंतीला टेकून, खिडकीत बसून.

कुलूप आला होता. अर्ध्या तोंडाला पट्टी, मानेवर निळं. बायको हात धरून घेऊन आली. तो टेबलाशी उभा राहून म्हणाला, "गाडीत जिवंत काही असलं तर जॅमर लावायचा नाही, असा आमचा हुकूम आहे. मी आधी बघतो. नेहमी बघतो. टकटक केलं होतं. पेटी हलत नव्हती."

मागून एकजण म्हणाला, "तेव्हा तरी दोन डोळे होते ना रे?" लोक हसले. खिडकीतले जास्त हसले.

त्याची बायको उठली. तिने हातातली पाण्याची बाटली त्या माणसाला फेकून मारली. ती एका म्हातारीच्या कपाळावर लागली. मग खुर्च्या पडल्या. कुणी कुणाची कॉलर धरली, एक बटण माझ्या मांडीवर येऊन पडलं. पाच मिनिटांनी सगळं शांत झालं तेव्हा कुलूप आहे तिथेच उभा होता. त्याला डाव्या बाजूचं काही दिसलं नव्हतं. तो विचारत होता, "काय झालं? कोण पडलं?"

अध्यक्षबाईंनी मला उभं केलं.

"तुम्ही तिथे होता. जनावर जिवंत होतं?"

"पेटीत घातलं तेव्हा होतं."

"आणि तुम्ही परत आलात तेव्हा?"

"मेलेलं."

दोन्ही खरं. बाईंनी मान डोलावली, लिहून घेतलं. मधल्या वीस मिनिटांबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं आत्ता लिहावंसं वाटतंय. खोडते. सांगितलं नसतं.

ठराव एकमताने. दंड माफ. पास लगेच वाटले, छापून तयार होते. पहिला मला. टाळ्या.

जिन्यात कुलूपने मला पकडलं. म्हणजे हाताने नाही. भिंतीला खांदा लावून एकेक पायरी उतरत होता, मी मागे अडकले.

"ताई, एक विचारू? माझ्या घरी दोन कुत्री आहेत. पहिलं रस्त्यावरचं, तीन पायांचं. पेटीत जीव आहे असं कळलं असतं तर मी लावला असता का? तुम्हाला काय वाटतं?"

"मला उशीर होतोय," म्हणाले मी.

"जा जा. मी सरकतो." आणि खरंच भिंतीला चिकटला.

१२ मार्च, गुरुवार

दादाचा सकाळी फोन. कुलूपच्या डोळ्यात पू झालाय, दुसऱ्या डोळ्यालाही धोका आहे. उद्या सकाळी काढणार. "बायको मला विचारत होती, काढलेला डोळा आपल्याला देतात का. मी काय सांगू तिला?"

दुपारी मास्तरांकडे गेले. ते पत्र्याच्या शेडमध्ये एक घार घेऊन बसले होते. विजेच्या तारेला लागलेली. एक पंख जळून काडी झालेला, छातीचं हाड उघडं. काही करण्यासारखं नव्हतं. असं जनावर मास्तर दुसऱ्या कुणाला मारू देत नाहीत, स्वतः मान मोडतात. त्यांनी घार गुडघ्यांत धरली होती, अंगठा मानेखाली.

मी उभ्याउभ्या सांगितलं. कापड मी उचललं. तुमच्याकडे आले तेव्हा ती मेलेली होती. जॅमर नंतर लागला.

मास्तरांनी आधी हातातलं काम केलं. कटकन. पाय दोनदा हवेत ओढले गेले. मग त्यांनी घार वर्तमानपत्रावर ठेवली, उठले आणि माझ्यावर हात उगारला. तो तिथेच राहिला. माझे डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ते आपल्याच हाताकडे बघत होते.

"वीस मिनिटं तू माझ्याबरोबर फासे तोडत होतीस."

"हो."

"जिवंत जनावर गाडीत ठेवून तू आली नसतीस. मीच शिकवलंय तुला."

"हो."

"म्हणजे मला तिथेच कळायला हवं होतं." ते घारीला कागदात गुंडाळत होते. घडी नीट बसेना, पुन्हा उलगडली. "कळलं असेल. गाडीकडे चालत येताना एकदा मनात आलं होतं, ही एवढी सावकाश का चालते. पण मग तो पिवळा जॅमर दिसला. मला मारायचं होतं गं. वर्षभर मारायचं होतं."

मी म्हणाले, उद्या चौकीत जाणार आहे. पास रद्द होतील. घुबडासारखी आणखी मरतील.

"मरतील."

"तुम्हाला आत टाकतील."

"काठी त्याच्या डोळ्यात मी घातली, कोल्हिणीने नाही. ती जिवंत होती का मेलेली, याने माझं काय बदलतं?" त्यांनी पुडीला सुतळी बांधली, गाठ दाताने आवळली. "तुझं बदलतं. आणि त्याचं."

निघाले तेव्हा मागून म्हणाले, "कापड उचलायचं नाही, एवढं एकच सांगितलं होतं तुला."

१३ मार्च, शुक्रवार

आठला डोळा काढला. दादाने कळवलं.

साडेआठला चौकीत जबाब दिला. पाच ओळींत मावला. मास्तर माझ्याआधी येऊन बाकावर बसले होते, काठी मांडीवर आडवी.

बाहेर आले. गाडी "थांबू नये"च्या पाटीखाली लावली होती. काचेवर पास, म्हणून कुणी हात लावला नव्हता. पास काढून खिशात ठेवला आणि आत बसून राहिले. सव्वानऊला दोघं आले. एकाने काचेवर टकटक केलं. मी हलले नाही. त्यांनी जॅमर लावला.