आमच्यात असलं कुणी नाही

प्रिय भानू,

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तुला जाऊन वर्ष होत आलं. पण आपल्या घरात पत्रं लिहायचास तू. दहावीपर्यंत शिकलेला, अक्षर छापल्यासारखं. मी चौथीत शाळा सोडलेला तुझा थोरला भाऊ. एक ओळ लिहितो आणि तीनदा वाचतो, काही वेडंवाकडं तर गेलं नाही ना!

आज बसलोच, कारण सोमवारी ग्रामसभा आहे. पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा ठरणार. गटारी किती, खांबावरचे दिवे किती, आरोग्य उपकेंद्राला काय. त्यात तुझ्या दुखण्याचा विषय निघणार आहे. म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

तुला आठवतं का, आपल्या लेकीचं, सुमनचं लग्न जमत होतं तेव्हाचं? माकणीचे पाहुणे मुलगी बघून गेले होते, होकार यायचा होता. नेमकं त्याच आठवड्यात आशाताई मंदा फॉर्म घेऊन दारात उभी. "अण्णा, घरात कुणाला मनाचा आजार हाय का? झोप लागत न्हाय, आवाज ऐकू येतात, असं काई?" मंदाला सगळं ठाऊक होतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरी मी ताठ मानेनं सांगितलं, "न्हाय बाई. आमच्यात असलं कुणी न्हाय."

आणि तू आत लसूण सोलत बसला होतास!

ती गेल्यावर तू बाहेर आलास. शर्टाला लसणाची सालं चिकटलेली. रागावलासुद्धा नाहीस. म्हणालास, "दादा, तुमच्यात कुणी न्हाय, तर मग मी कुणाच्यात हाय?" मी हसण्यावारी नेलं. तूही हसलास. पण त्या दिवशी तू भाकरीला हात लावला नाहीस, हे मी बघितलं होतं.

लग्नात तर मी कहर केला. मोटारीकडं बघायला पाहिजे म्हणून तुला शेतावर पाठवलं. सुमन तुझ्या खांद्यावर बसून वाढलेली, आणि तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला तू नाहीस! तू का नाही भांडलास रे? भांडला असतास तर बरं झालं असतं.

त्या फॉर्मचं पुढं काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. तो उपकेंद्रात जातो, तिथून ग्रामपंचायतीत. आरोग्याच्या कामाला पैसा ठेवताना ग्रामसेवक भाऊसाहेब तो रकाना बघतात. आपल्या गावाच्या रकान्यात शून्य! मी एकटाच खोटं बोललो नव्हतो. पलीकडच्या आळीतली एक सून महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नाही, देवळामागचे एक मास्तर भिंतीशी बोलत बसतात. त्यांच्या घरच्यांनीही तेच सांगितलं. माणूसच नाही म्हटल्यावर तरतूद कुणासाठी करायची?

मग आपण तालुक्याला जायचो. मनाचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येणार, आणि आपल्याला मधे बस बदलावी लागणार. गर्दीत तुझे आवाज वाढायचे. तू कानाला उपरणं गुंडाळून खिडकीला टेकायचास. पहिली एसटी उशिरा आली की पुढची चुकलेली, आणि डॉक्टर एकदम पुढच्या महिन्यात. गोळ्या तुटल्या की तुझं जेवण तुटायचं. शेवटी लागोपाठ दोन महिने हुकले. तू वाळत गेलास, मग साधा ताप आला आणि त्यातच गेलास. त्या दोन महिन्यांत डॉक्टरच्या दिवशी गावातून एक जीप निघाली असती तर? कुणाला विचारू? कागदावर गरज नाही असं मीच तर सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात मंदा पुन्हा आली. बरोबर भाऊसाहेब. म्हणाले, यंदा आराखड्यात दोन कामं बसवता येतील: डॉक्टरच्या दिवशी गावातून गाडी, आणि उपकेंद्राची बंद खोली उघडून गोळ्या तिथंच देणं. पण माणसं दाखवावी लागतील. मी लगेच उठून उभा राहिलो. "लिवा. भानुदास. माझा धाकटा भाऊ."

भाऊसाहेबांनी पेन टेकवलंच नाही. "अण्णा, मयताचं नाव ह्यात धरता येत न्हाय."

बघ आता! जिता होतास तेव्हा मी धरलं नाही. आता मी धरतो, तर कागद धरत नाही.

भाऊसाहेब पुढच्या घरी गेले. मंदा मात्र पायरीवरच बसून राहिली. म्हणाली, "अण्णा, तुमचं काय?"

"माझं काय?"

"दाराची कडी किती बार बघता? पोराचा फोन लागला न्हाय की छातीत धडधड, ताटावरून उठता. काकूंनीच सांगितलंय." तुझ्या वहिनीनं चुगली केली होती तर!

"आगं, ती काळजी हाय! मी काय येडा हाय का?"

"भानूकाकाबी येडे नव्हते," मंदा म्हणाली.

मी तिला चहा विचारला आणि आत गेलो. आधण ठेवलं आणि गॅस पेटवायचाच विसरलो. तुझ्या वेळेला मला जे कळायला पाहिजे होतं, ते त्या पोरीनं चार शब्दांत सांगितलं.

तरी धास्ती होतीच. माझं नाव लागलं आणि सुमनच्या सासरी कळलं तर? तिला फोन केला. बोलता बोलता तुझंही सगळं सांगून टाकलं, फॉर्मचं, मोटारीचं. ती हसायलाच लागली. "अण्णा, ह्यांना लग्नाआधीच ठाव व्हतं! माझे चुलतसासरे तसेच हायेत. लग्नात ह्यांनीबी त्यांना घरीच ठेवलं व्हतं, तुमच्या नजरंला पडू नये म्हणून."

ऐकलंस भानू? तू इकडं मोटारीपाशी, तो बिचारा तिकडं कोंडलेला. मला हसू येईना आणि रडूही येईना. सुमन फोन ठेवताना म्हणाली, "तुमी नाव लावा. हितलं मी बगते."

तेव्हा तुला शब्द देतो. सोमवारी मी उभा राहणार. धास्ती काही गेलेली नाही. पण पहिलं नाव मी माझं सांगणार. एकानं तोंड उघडलं की दुसरा उघडतो, असं मंदा म्हणते. आणि दुसऱ्या कुणी नाहीच उघडलं, तरी मी माझं नाव मागं घेणार नाही. गाडी मिळेपर्यंत दर सभेला जाईन.

एकच गोष्ट अडली आहे. माझ्या नावाबरोबर तुझी हकीकतही सांगावी असं फार वाटतं, माझ्या खोट्यासकट. पण तू चारचौघांत बुजायचास. तुला न विचारता लपवला, आता न विचारताच गावापुढं कसा मांडू? माझ्या मनानं ठरवायला गेलो की काय होतं, ते आपण दोघांनी बघितलंय. स्वप्नात ये, नाहीतर कशीही खूण दे. हो म्हण, नको म्हण, पण सोमवारच्या आत कळव रे.

तुझी वाट बघणारा,
दादा